पितळी वाटीतले चिंचोके

"सहा तास बावीस मिनिटं," देरकरसाहेब खिडकीतून म्हणाले. "हिरवा. जाय, चढ सतरावर."

मी मनगट यंत्रावरून उचललं नाही.

"साहेब, मी झोपलो नाई."

"पट्टा म्हनते झोपला."

"डोळ्याले डोळा नाई लागला. सकाळी सहाले आडवा झालो अन् बाराले उठलो. मंधातलं सगळं आयकलं म्या. दूधवाला येऊन गेला. शेजारची बाई नळावर भांडली. साडेनवाले लाइट गेली अन् कूलर बंद पडला."

"सपनात आयकलं असन."

मागच्या रांगेत हशा पिकला. देरकरसाहेबही हसले. माणूस वाईट नव्हता. शिफ्ट इनचार्ज असूनही ड्रायव्हरांच्या घरी बारशाला यायचा, आणि पाठदुखीमुळे खुर्चीत कमी, उभा जास्त असायचा.

"झोपेचं सोंग घेनारे लय पाह्यले, ढवस," ते म्हणाले. "जागेपनाचं सोंग घेनारा तूच पयला. चाल, मांगं लाइन हाय."

मी सतरा नंबरच्या डंपरवर चढलो. दुपारचे चार वाजले होते, मे महिना होता, स्टिअरिंगला हात लावला तर चटका बसत होता. पण मला उन्हाची भीती नव्हती. मला माझीच भीती वाटत होती.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. वणीच्या बाजूला एका उघड्या कोळसा खाणीत मी ठेकेदाराकडे डंपर चालवायचो. कोळशाच्या वरची माती नि दगड भरायचा, रॅम्पचा चढ चढायचा आणि वर डंपावर, म्हणजे मातीच्या त्या मानवनिर्मित डोंगरावर, नेऊन ओतायचा, एवढंच काम. पण आमचा डंपर म्हणजे गावातला टिप्पर नव्हे. त्याचं चाक माझ्या डोक्यापेक्षा उंच. साठ टन माल घेऊन तो निघाला की समोर आलेली जीपसुद्धा ड्रायव्हरला दिसत नाही. पाळ्या दोनच होत्या, पहाटे चार ते दुपारी चार आणि दुपारी चार ते पहाटे चार. मी दुसऱ्या पाळीत होतो. त्यामुळे माझी रात्र सकाळी सहाला सुरू व्हायची आणि बाराला संपायची.

त्या वर्षी होळीनंतर कंपनीनं सगळ्या ऑपरेटरांना मनगटी पट्टे वाटले. काळा रबरी पट्टा, आतून हिरवा दिवा लुकलुकणारा. तो झोपताना हातातच ठेवायचा. पाळीला येताना टाइम ऑफिसच्या खिडकीतल्या यंत्रावर मनगट टेकवलं की तुम्ही किती झोपलात ते पडद्यावर यायचं. पाच तासांच्या वर असेल तर हिरवा, कमी असेल तर लाल. लालवाल्यानं घरी जायचं आणि त्याच्या डंपरवर बदली ऑपरेटर चढायचा. घरी जायला कोण तयार होणार? मग लोकांनी नाना युक्त्या काढल्या. एकानं तर पट्टा सासूच्या हाताला बांधला. म्हातारी पडूनच असायची, त्यामुळे जावयाचा दिवा आठवडाभर हिरवा. म्हातारी पट्ट्यासकट धाकट्या मुलीकडे निघून गेली तेव्हा त्याचं बिंग फुटलं.

म्हणजे हिरव्यासाठी खोटं बोलणारे गावभर होते, आणि लाल द्या म्हणून मागे लागणारा मी एकटा. माझं कोण खरं मानणार?

लाल का मागत होतो ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, खाली खड्ड्यात माझा डंपर भरला. माल भरणाऱ्या शॉवेलवाल्यानं हॉर्न दिला, मी गिअर टाकला. त्यानंतर मला आठवते ती शिट्टी. कान फाडणारी. डोळ्यांपुढे आरसा, आणि आरशात निखाडेकाका. निखाडेकाका डंपावरचे सिग्नलमन, मागे सरकत येणाऱ्या डंपरला हात करून कडेपर्यंत आणणारे. ते माझ्या मागच्या चाकापासून दोन हातांवर उभे होते, शिट्टी तोंडात, डोळे विस्फारलेले. मी ब्रेक दाबला.

"काऊन बे," ते नंतर केबिनखाली येऊन म्हणाले, "डोळे उघडे ठेवून झोपतं का?"

मी हसलो. काय करणार? खड्ड्यापासून डंपापर्यंत दीड किलोमीटर रॅम्प, दोन वळणं, समोरून येणारे रिकामे डंपर. हे सगळं मी चालवत आलो होतो आणि त्यातलं मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. कुणीतरी तेवढा रस्ता माझ्या डोक्यातून पुसून टाकला होता. त्या दिवसापासून माझी झोप उडाली, असं मला वाटायचं. पट्ट्याला तसं वाटत नव्हतं.

देरकरसाहेब हसले त्या दिवशी पाळी संपवून पहाटे घरी आलो आणि अंघोळही न करता ओट्यावर बसलो. कुंदानं, माझ्या बायकोनं, चहा आणून ठेवला. तो गार झाला तरी मी कपाला हात लावला नाही, तेव्हा ती समोर येऊन बसली.

"काय झालं थे सांगा. नाई तं मी निखाडेकाकाच्या घरी जाऊन विचारते."

मी सगळं सांगितलं. शिट्टी, आरसा, पुसलेला रस्ता. कुंदा सातवी शिकलेली, पण गणितात माझ्या पुढे. तिनं गार झालेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, "म्हंजे दोन गोष्टी झाल्या. पट्टा खोटा असन, तं तुमी दहा दिसापासून बिनझोपेचे डंपर चालवून रायले."

"हो."

"अन् पट्टा खरा असन, तं तुमी झोपता, पन तुमाले वाटते का जागेच हाव. मंग थ्या दिशी रॅम्पवरबी तुमाले वाटलंच असन, का जागा हाव."

हा दुसरा विचार मी दहा दिवस जवळ येऊ दिला नव्हता. न झोपलेल्या माणसाला निदान कळतं तरी, की आपण झोपलो नाही. पण स्वतःची झोपच ज्याला ओळखता येत नाही, त्यानं साठ टन घेऊन माणसांच्या मधून जायचं कसं?

"आज जाऊच नोका ना कामावर," कुंदा म्हणाली.

"न सांगता रायलो तं काढून टाकतीन. सांगतलं तं हासते."

"मंग दोन्हीतलं कोनतं खरं, थे पाहू आपन. उद्याच पाहू."

उन्हाळ्यात कुंदा व्यापाऱ्याकडची चिंच घरी आणून फोडायची. टरफल काढायचं, चिंचोके वेगळे करायचे, गर पाटीत टाकायचा. दिवसभर बसून करायचं काम. तिनं ठरवलं ते असं. मी नेहमीप्रमाणे खाटेवर पडायचं. ती खाटेशेजारी जमिनीवर बसून चिंच फोडणार. एक पसा चिंच फोडून झाली की खाटेच्या पायावर चिंचोक्यानं हळूच एकदा टक् करणार, झोपलेल्याला जाग येणार नाही इतकं हळू. मी जागा असलो तर उजव्या हाताची तर्जनी उचलायची, बस. डोळे उघडायचे नाहीत, बोलायचं नाही, पट्ट्याचा डावा हात हलवायचा नाही. बोट उचललं तर तो चिंचोका पितळी वाटीत, नाही उचललं तर स्टीलच्या.

"अन् मी खोटं बोट उचललं तं?"

"झोपलेला मानूस खोटं कसं उचलन?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी आडवा झालो. ती सकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते, किंवा आठवते असं मी इतकी वर्षं समजत होतो. कूलरमधलं पाणी टपटपत होतं. टरफलं करकर फुटत होती. मग टक्. मी बोट उचललं. पुन्हा करकर. टक्. बोट. छातीत इतकं धडधडत होतं की कुंदाला ऐकू जाईल असं वाटे. दूधवाल्याची सायकल आली. टक्. शेजारी कुकरची शिट्टी झाली आणि मला निखाडेकाकांची शिट्टी आठवून घाम फुटला. टक्. प्रत्येक टक् मी ऐकला, प्रत्येकाला बोट उचललं, एकही सोडला नाही. अशी माझी खात्री होती.

"उठा," कुंदा म्हणाली. "बारा वाजले."

मी धडपडून उठून बसलो. पितळी वाटी शिगोशीग भरली होती. स्टीलच्या वाटीच्या तळाशी थोडेसे चिंचोके होते.

"बावन्न अन् नऊ," कुंदा म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती, पदरानं हाताला लागलेली चिंच पुसत होती. "एकसष्टातल्या बावन्न वेळा जागे होते तुमी. पट्टाच खोटा हाय."

मला आनंद झाला. आज ते आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा खरंच आनंद झाला. मी वेडा नव्हतो. माझी झोप मला ओळखता येत होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात ना, आता दुसऱ्यालाही कळणार होतं.

"मीबी येते संगं," कुंदा म्हणाली, आणि दोन्ही वाट्या फडक्यात बांधायला लागली.

साडेतीनला आम्ही टाइम ऑफिसवर पोचलो. मी यंत्रावर मनगट टेकवलं.

"पाच तास पन्नास मिनिटं. हिरवा," देरकरसाहेब म्हणाले. मग त्यांना माझ्यामागे कुंदा दिसली. "अरे, वहिनी? तुमी इकडं कशा?"

कुंदानं फडकं सोडून दोन्ही वाट्या खिडकीत ठेवल्या आणि सकाळपासूनचं सगळं सांगितलं. रांगेतले ऑपरेटर गोळा झाले. साहेबांनी चिंचोक्यांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि डोकं खाजवलं.

"वहिनी, हे मशीन बाहेर देशातून आलं हाय. अन् तुमी मले चिंचोके दाखवून रायल्या."

"मंग तुमीच बांधून पाहा ना, साहेब," कुंदा म्हणाली. "थ्या बाकावर पडा. डोळे मिटा, पन झोपू नोका. मी टक् करते, तुमी बोट उचला. घंटाभरानं पाहू मशीन काय म्हनते. हातच्या काकनाले आरसा कायले?"

लोक हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. साहेबही हसले. "पडासाठी म्हनून रायल्या का मले? माई पाठ तं सकाळपासून तेच म्हनून रायली." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् तू? चढतं का सतरावर?"

"नाई साहेब. मशीनचं ठरू द्या."

"बरं. गोहोकार! आज तू चढ सतरावर."

प्रफुल्ल गोहोकार हा बदली ऑपरेटर. पंचविशीचा, दोन महिन्यांपूर्वी लागलेला. तो रोज येऊन ऑफिससमोरच्या कडुनिंबाच्या पारावर बसायचा. कुणी आलं नाही किंवा कुणाचा लाल लागला तर त्याला डंपर मिळायचा, नाहीतर आल्या पावली परत. त्या आठवड्यात तो तीनदा परत गेला होता. नाव ऐकताच तो उठून धावत आला आणि मनगट टेकवलं. सहा तास दहा मिनिटं. हिरवा.

मी त्याच्याबरोबर डंपरपर्यंत चालत गेलो. गाडी माझी, काय कसं आहे ते सांगायला. त्याचे डोळे लाल होते.

"ऊन लागलं का बे?"

"नाई ढवसभाऊ. पोराले ताप हाय परवापासून. खाली ठेवला का रडते. तं दोन दिसापासून छातीवर घेऊन पडून असतो. जरा हाललो का उठते, म्हनून हालत बी नाई."

"मंग झोपला कवा?"

तो हसला आणि मनगट वर करून दाखवलं. "पट्टा म्हनते झोपलो. हिरवा हाय ना."

तो शिडी चढायला लागला. त्या पट्ट्याला फक्त पडून राहिलेला माणूस कळतो, झोपलेला नाही, हे त्या खाणीत तेव्हा माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "दुसऱ्या वळनावर बाहेरची बाजू खचली हाय. आतून घेजो."

"हो भाऊ," तो वरून म्हणाला.

बास. एवढंच मी त्याला सांगितलं.

सव्वाचारला देरकरसाहेब निंबाखालच्या बाकावर आडवे झाले, हाताला एक जादा पट्टा बांधून. कुंदा बाकाच्या पायाशी बसली. लू वाहत होती. पहिली पाळी संपवून निघालेले सात-आठ ऑपरेटर घरी न जाता गंमत बघायला थांबले. टक्. साहेबांनी बोट उचललं. टक्. बोट.

"वहिनी, भाजी कोनती केली आज?" साहेबांनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"बोलू नोका."

"बरं." टक्. बोट. थोड्या वेळानं पुन्हा, तोंडातल्या तोंडात, "ढवसले च्या सांगा रे कोनी."

मला चहा आला. मी तो पीत पीत खाली रॅम्पकडे पाहत होतो. डंपर एकामागून एक वर येत होते, ओतून खाली जात होते. सतराही येऊन गेला, एकदा, दोनदा. मला हायसं वाटत होतं. कुणीतरी माझ्या छातीवरून दगड उचलल्यासारखं. तिसऱ्यांदा तो खाली गेला तेव्हा साडेपाच व्हायला आले होते.

"उठा साहेब," कुंदा म्हणाली. "एकबी टक् सोडला नाई तुमी."

साहेब कंबर धरून उठले आणि खिडकीशी गेले. आम्ही सगळे मागे. त्यांनी मनगट टेकवलं. पडद्यावर अक्षरं आली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, मग आवाज खाली गेला.

"झोप, एक तास चार मिनिटं. त्यातली गाढ झोप अकरा मिनिटं."

कुणी हसलं नाही. ज्या वेळात ते झोपले होते म्हणे, त्यात कधीतरी साहेबांनी माझा चहा सांगितला होता.

साहेबांचं लक्ष भिंतीवरच्या फळ्याकडे गेलं. त्यावर बावीस डंपरांचे नंबर होते आणि प्रत्येकापुढे त्या दिवशीचा हिरवा बिल्ला. बावीसच्या बावीस हिरवे. साहेबांचा चेहरा मी बघितला. दहा दिवस मी ज्या भीतीत एकटा राहत होतो, ती आता त्यांना दिसली होती. या बावीसातले झोपलेले कोण आणि नुसते पडून राहिलेले कोण, हे कुणाला ठाऊक होतं? माझ्या डोळ्यांपुढे गोहोकारचे लाल डोळे आले आणि मी हातातला कप खिडकीत ठेवला.

"साहेब," मी म्हणालो, "सतरा थांबवा. त्याचं पोरगं बिमार हाय. तो दोन दिसाचा झोपला नाई."

"तुले कोनं सांगतलं?"

"त्यानंच."

"कवा?"

साहेबांनी वॉकीटॉकी उचलला. "सगळे डंपर आयका. हाय तिथंच थांबा. ब्रेक मारा अन् नंबर सांगा."

खर्रर् आवाज झाला. "तीन थांबला." "आठ थांबला साहेब, काय झालं?" "बारा थांबला." "एकवीस." एकेक नंबर येत गेला. साहेब फळ्यावर बोट ठेवत होते.

"सतरा," ते म्हणाले. "सतरा, बोल. गोहोकार, बोल बाबू."

खर्रर्.

"गोहोकार, आयकू येते का?"

मग आवाज आला, पण तो निखाडेकाकांचा होता, वर डंपावरून. म्हातारा धापा टाकत होता.

"साहेब, सतरा वळला नाई. दुसऱ्या वळनावर थो वळलाच नाई, साहेब. सरळ गेला."

रॅम्पच्या बाजूनं धुळीचा लोट वर येत होता. आम्ही सगळे धावत सुटलो. मी पुढे होतो, कारण रस्ता मला पाठ होता. वळणावरचा मातीचा बांध डंपरच्या रुंदीएवढा फुटलेला होता, आणि रस्त्यावर ब्रेकची एकही खूण नव्हती. खाली काय दिसलं ते मी इथे लिहिणार नाही. गोहोकार घरी परतला नाही, एवढं पुरे.

चौकशी झाली. देरकरसाहेबांनी बाकाची, चिंचोक्यांची, सगळी हकिगत खरी खरी सांगितली. ती कुणी लिहून घेतली की नाही, देव जाणे. साहेबांची बदली झाली. कागदावर प्रफुल्ल गोहोकारची त्या दिवशीची झोप सहा तास दहा मिनिटं अशी राहिली, आणि ती कुणी खोडली नाही. महिनाअखेरीला पट्टे पोत्यात भरून गेले. मी डंपर सोडला तो सोडलाच, पाणी उपसायच्या पंपाच्या कामावर लागलो. गोहोकारला मी माझं माहीत असलेलं सांगितलं नाही, ही गोष्ट मी कुंदाजवळ कबूल केली होती. ती तेव्हा म्हणाली, "तुमी थ्या दिशी जागेच होते सकाळपासून. सहा तास टक् आयकत पडलेल्या मानसाले काय सुधरन?" त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं काढली. मी झोपलेलो नव्हतो, म्हणून मला सुचलं नाही. आणि मी चढलो असतो तर मीच गेलो असतो, त्याच्या जागी मीच. असं मनाला सांगत राहायचो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारी बाजारातून आलो. वाटेत गोहोकारचा मुलगा दिसला होता, आता तो चौथीत आहे, बापासारखाच चालतो. घरी येऊन मी कुंदाला तसं सांगितलं. ती खाटेशेजारी चिंच फोडत बसली होती. तिचे हात थांबले.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "रागावसान तं रागवा."

"सांग."

"थ्या दिशी पितळी वाटीत नऊ होते."

मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं, चिंचेकडे बघत.

"बोट तुमी नऊ खेपा उचललं. बावन्न खेपा नाई उचललं. झोपले होते तुमी. घोरत बी होते. तुमाले उठवाच्या आंधी म्या चिंचोके इकडचे तिकडं ओतले."

कूलर घुमत होता. मी खाटेवर बसलो.

"काऊन?"

"तुमी रॅम्पचं सांगतलं तवापासून मले काई दिसतच नोतं. खरं सांगतलं असतं, का तुमी झोपले होते, तं चारले तुमी चढले असते. मले तुमाले खाली उतरवाचं होतं. बस."

"अन् साहेबाले बाकावर झोपवलं थे?"

"मले काय मालूम होतं, का मशीन खोटंच निंगन? मले तं चार वाजून जाऊ द्याचे होते. दुसरं कोनी चढलं का झालं, असं वाटलं मले." तिनं डोळ्याला पदर लावला. "थो गोहोकार चढन, त्याचं पोरगं बिमार हाय, हे मले कुठं मालूम होतं? तुमाले मालूम होतं."

पट्टा त्या दिवशी माझ्याबद्दल खरं बोलला होता. पाच तास पन्नास मिनिटं. बाकीच्या दिवसांचं मी सांगू शकत नाही, पण त्या एका दिवशी मी पोटभर झोपलेला होतो. खाणीत त्या दुपारी डंपर चालवायला कुणी लायक असेल तर तो मी होतो, आणि मी चहा पीत बसलो होतो. सतरावर मी असतो तर सतरा वळला असता. शिडीजवळ माझ्या तोंडून शब्द निघाला नाही, त्याला आता झोपेचंही कारण उरलं नव्हतं.

मला कुंदाचा राग आला का? आला. आणि तिच्या जागी मी असतो तर मीही चिंचोके ओतले असते, हेही तेव्हाच कळलं. मी भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवा झालो आणि डोळे मिटले.

मग टरफलं फुटायला लागली, हळूहळू. एक पसा फुटली असतील. खाटेच्या पायावर टक् झालं.

मी बोट उचललं नाही. मी जागा होतो.